बाबांच्या सीडी, मुलाचं स्ट्रीमिंग आणि आमचं कौलारू घर

मिरगाचा पाऊस लागून चारपाच दिवस झाले असतील. दिवेलागणीची वेळ. बाबांच्या सीडी प्लेअरने मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी आत ओढली, दोनचार वेळा घरघर केली आणि पडद्यावर लिहून मोकळा झाला, 'नो डिस्क'. मी तबकडी काढली, पदराने गोल गोल पुसली (असं पुसायचं नसतं, हे नंतर कळलं), परत घातली. परत तेच. तिसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं नीट वाजला आणि ऐन तानेत अडकला. सुईच्या नेढ्यात दोरा ओवू पाहणाऱ्या म्हातारीसारखा त्याच जागी पुन्हा पुन्हा.

हा प्लेअर बाबांनी १९९६ साली मुंबईहून आणला. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण व्हायची होती, म्हणून रातराणी एसटीने, खोका मांडीवर ठेवून मालवणपर्यंत. बाबा पोस्टात होते. पगार तो केवढा, पण गाण्याच्या बाबतीत हात सढळ. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची लाकडी जोडी पुढच्या दोन वर्षांत आली. त्यावरून आपण महिनाभर अबोला धरला होता, असं आई स्वतःच हसत सांगायची. आता घर माझ्याकडे आलंय, शाळेतून मी निवृत्त झालेय, आणि घराबरोबर बाबांचा हा संसारही आलाय: दुकानातून विकत घेतलेल्या २१२ सीडी आणि कॅसेटवरून भरून घेतलेल्या ६४.

पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता कोण सीडी वाजवतं? महिन्याला शेसव्वाशे रुपये भर, जगातलं सगळं गाणं घरात." ह्यांचं म्हणणं, नवा प्लेअर घे आणि विषय संपव. मला दोन्ही पटत नव्हतं आणि दोन्हीतलं काही कळतही नव्हतं. जन्मभर मी मराठी शिकवलं. किलोहर्ट्झशी माझा संबंध रेडिओच्या काट्यापुरता. तरी जूनपासून दिवाळी उलटेपर्यंत मी ह्या एकाच गोष्टीच्या मागे होते, हे खरं.

आधी प्लेअर घेऊन कुडाळला गेले. तिथे माझ्या एका विद्यार्थ्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. नववीत हा माझ्या तासाला बाकाखाली ट्रान्झिस्टर उघडून बसायचा आणि मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. त्याने झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "बाईनू, मशीन बरा आसा. डोळो गेलो हा त्याचो. मोतीबिंदू."

डोळा म्हणजे लेझरवरचं भिंग. मसुराच्या डाळीएवढं, केसासारख्या तारांवर लोंबकळणारं. सीडीवर खाचांची एकच सलग रेघ असते, आतून बाहेर जाणारी, चकलीसारखी. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे सहज मावतात. तबकडी डुगडुगत असताना भिंगाने त्यातला एकच वेढा धरून चालायचं. बरं, तबकडीही एका गतीने फिरत नाही. आतल्या बाजूला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे, काठाशी येईपर्यंत दोनशे. असल्या कसरतीच्या यंत्रावर आमच्याकडची खारी, दमट हवा इतकी वर्षं बसलेली. भिंगावर बुरशीचं जाळं धरलं होतं, पावसाळ्यात पापडाच्या डब्यात धरतं तसलंच.

माझं गोल पुसणं त्याने तिथेच मोडून काढलं. पुसायचं ते मधून काठाकडे, सरळ. कारण सीडीत गाणं सरळ ओळीने लिहिलेलंच नसतं. आकडे विखरून ठेवलेले असतात आणि हरवलेले भरून काढायला जोडीला जादा आकडे. रेघेच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतचा खाडा पडला तरी प्लेअर तो पुरता सांधून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मधून काठाकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला ओझरता छेदतो, म्हणून निभतं. गोल ओरखडा एकाच वेढ्यावरून लांबवर चालत जातो, तिथे सांधायला काही उरत नाही. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली तेव्हा मी चपापलेच. चमकती बाजू आपण जपतो, पण नाजूक असते ती छापील बाजू. खालून प्लास्टिकचा मिलिमीटरभर जाड थर आहे. वरून मात्र ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यावर नुसतं लाखेसारखं पातळ लेपन. आणि मी गेली पाच वर्षं सीडी छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवत होते!

अल्कोहोलने पुसून प्लेअर दोन दिवस चालला, मग पुन्हा 'नो डिस्क'. लेझरच थकला होता. नवा पिकअप, म्हणजे लेझर आणि भिंगाचा आख्खा जोड, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा ठरलं. "डुप्लिकेट इलो तर म्हयन्याभरात परत तुमी हयच," एवढं त्याने आधीच सांगून ठेवलं.

तोवर स्ट्रीमिंग. फोनवर वर्गणी भरली, एक ब्लूटूथचं डबडं ॲम्प्लिफायरला लावलं. आणि पहिले आठ दिवस मी वेडी झाले, हे कबूल करायला हवं. केसरबाई केरकर आमच्या शेजारच्या गोव्यातल्या, केरीच्या. त्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघाला, पण आमच्या घरात त्यांची एकच सीडी. इथे नाव टाकलं तर ध्वनिमुद्रिकांची रांग. तिथून मोगूबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या; मोगूबाईंवरून त्यांच्या लेकीकडे, किशोरीताई आमोणकरांकडे. रात्रीचे अकरा वाजले, ह्यांनी दिवा घालवायला सांगितला तेव्हा भान आलं. एवढं ऐकायला बाबांना किती मनीऑर्डरी कराव्या लागल्या असत्या!

नवव्या दिवशी कान जागे झाले. आवाज भातावरची साय काढून घेतल्यासारखा... नाही, साय दुधावरची. पण कळलं ना? तंबोरा होता, त्याची जव्हारी, तारांचा तो गुंजणारा झंकार, नव्हती. मुलाला सांगितलं तर म्हणाला, ब्लूटूथ काढ. ब्लूटूथवरून गाणं जाताना पुन्हा एकदा पिळून बारीक केलं जातं. शिवाय ॲपमध्ये मी दर्जा 'आपोआप' वर ठेवला होता, त्यामुळे नेट मंदावलं की तेही गुपचूप हलकं गाणं पाठवत होतं. हा हिशोब त्याने वहीत उतरवून घ्यायला लावला. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट. स्पॉटिफायचा वरचा दर्जा २०२५ पर्यंत ३२० किलोबिट होता. ॲपल म्युझिकने २०२१ पासून काहीही न गाळलेलं, लॉसलेस, त्याच वर्गणीत द्यायला सुरुवात केली. मग शेंगेएवढा एक डॅक (आकड्यांचा आवाज करून देणारं यंत्र) आणला, फोनच्या चार्जिंगच्या भोकात घातला आणि तिथून तारेने ॲम्प्लिफायरला. जव्हारी परत आली.

(४४,१०० हा असला अडनिडा आकडा का, हे मी मुलाला तीनदा विचारलं. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या ओळींत जेवढे नमुने बसतील तेवढे बसवले, त्यातून तो आकडा आला आणि १९८२ साली सीडी बाजारात आली ती तोच घेऊन. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत जातो, त्याच्या दुपटीहून थोडा जास्त हवा होता, तेवढा तो आहे. बस.)

आषाढात फणसाची फांदी पडून फायबरची तार तुटली. चार दिवस नेट नाही. मोबाइलची रेंज विहिरीच्या कठड्यावर बसलं तर एक दांडी, आणि कठड्यावर बसून कोण मालकंस ऐकणार? फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी वाजत होती, पण तीही महिन्यातून एकदा नेटला तोंड दाखवून आणावी लागतात, नाहीतर रुसतात. मुलाला हे ऐकवलं तर तो म्हणाला, लाइट गेल्यावर तुझी सीडी तरी कुठे वाजते. खरंय. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आठ दिवस आमच्याकडे वीज नव्हती. तेव्हा घरात वाजला तो सेलचा रेडिओ आणि बाबांची शीळ.

त्या वादळानंतर इन्व्हर्टर घेतला होता, त्यावर ॲम्प्लिफायर लावून पाहिला. गाण्याच्या मागे सतत गुंऽऽऽ. स्पीकर बंद केले तरी ॲम्प्लिफायरच्या पोटातून गुंऽऽऽ चालूच. स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतो, पंखे-दिवे ती निमूट घेतात, पण ॲम्प्लिफायरमधला जड ट्रान्सफॉर्मर तिच्यावर कुरकुरतो. त्याला गुळगुळीत लाटेची, साइन वेव्ह वीज लागते. ज्यांना कोकणात घरी गाणं ऐकायचंय त्यांनी प्लेअरच्या किमतीआधी ह्या गोष्टीची चौकशी करावी. अर्थिंगचीही. आमच्या कातळात अर्थिंग कागदावरच असतं. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून नवं करून घेतलं तेव्हा डाव्या स्पीकरची वर्षानुवर्षांची घरघर गेली. मी ती इतकी वर्षं रेकॉर्डिंगमधली समजत होते.

आणि पाऊस. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आत पोटमाळा अर्धाच. उन्हाळ्यात अशा घरात गाणं फार गोड लागतं. भिंती खडबडीत, छप्पर उतरतं, आवाज कुठे आदळून परत येत नाही. पण आषाढात कौलांवर धो धो लागला की मोबाइलवरचं मीटर माजघरात ६५ डेसिबल दाखवतं, गाणं लावायच्या आधी. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मावतो म्हणतात, २४ बिटांत त्याहून कितीतरी. त्यातले खालचे सगळे आमच्या पागोळ्यांत वाहून जातात. हाय-रेझवाल्यांनी, म्हणजे २४ बिटांचा हट्ट धरणाऱ्यांनी, एक श्रावण आमच्याकडे काढावा.

चवथीच्या आठवडाभर आधी पिकअप आला. असली निघाला. प्लेअर पुन्हा धावायला लागला आणि मुलगा गणपतीला येताना एक छोटा स्ट्रीमर घेऊन आला, फोन मधे न येता राउटरला तारेने जोडायचा. आता दोन्ही शेजारीशेजारी. मी एकच गाणं आधी सीडीवर आणि मग स्ट्रीमरवर ऐकलं आणि निकाल देऊन टाकला: सीडी. भरीव, जवळ, जिवंत. ह्यांनीही मान डोलावली. मुलगा म्हणाला, "आई, सीडी थोडी मोठ्याने वाजतेय. मोठं ते चांगलं वाटतंच. आधी दोन्ही सारखं करू."

ॲपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणून ठेवायची सोय असते. लग्नात एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं किंचाळतं असं होऊ नये, म्हणून चांगली. तुलना करायची तर फसवणारी. ती त्याने बंद केली. मग एकसुरी 'पीं' वाजवणारी फाइल सीडीवर भरली, तीच स्ट्रीमरवर ठेवली आणि स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावून दोन्हीकडे एकच आकडा येईपर्यंत स्ट्रीमरचा आवाज खालीवर करत बसला. नंतर मला पाठ करून बसवलं. नाणं उडवायचा, छापा की काटा त्याप्रमाणे सीडी किंवा स्ट्रीम लावायचा, मी सांगायचं कोणतं. सोळा वेळा. सोळातली बारा बरोबर आली तर कानाला काही कळतंय असं धरायचं, कारण नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त यायची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते.

माझी नऊ आली. ह्यांची सात. त्याची स्वतःची आठ. स्वयंपाकघरात नेवऱ्या तळता तळता तिथूनच ओरडून उत्तरं देणाऱ्या जाऊबाईंची दहा, आणि त्यांना प्रश्न काय आहे हेच माहीत नव्हतं.

मी हरकत घेतली. स्पीकर जुने, ते काय फरक दाखवणार? मुलाने स्पीकरची जाळी काढली आणि बोट लावलं, तर शंकूभोवतीची फोमची कड शिळ्या भाकरीसारखी भुगा होऊन खाली पडली. तेव्हाच्या बऱ्याच स्पीकरना फोमची कड असायची. उष्ण, दमट हवेत ती विरघळते. रबराची जास्त टिकते. म्हणजे गेली काही वर्षं मी फाटक्या डग्ग्यावर ठेका ऐकत होते आणि खुशाल 'भरीव, जिवंत' म्हणत होते!

अनंत चतुर्दशी झाल्यावर स्पीकर गाडीत घालून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठलं. तिथे नवी कड बसवून दिली, अडीच तासांचं काम. तोवर दुकानांतून नवे सीडी प्लेअर पाहिले. मरँट्झ, यामाहा, डेनॉन अजून बनवतात आणि ते सुंदर आहेत; ट्रे असा अलगद बाहेर येतो की आपणच शरमावं. दुकानदाराने चहा पाजला आणि प्रामाणिकपणे विचारलं, जुना चालतोय ना? मग कशाला? असा दुकानदार कोकणात असता तर मी त्याला हापूसची पेटी पाठवली असती.

घरी आल्यावर स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे घेतले. पहिल्या तबल्याला ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सहा महिन्यांत जे जे केलं त्यात आवाजाला खरा फरक पडला तो ह्या कामाने, आणि सीडी-स्ट्रीमिंगच्या वादाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दिवाळीत परीक्षा पुन्हा घेतली. माझी आठ आली.

आवाजाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. मग राहिला तो, काय ऐकायला मिळतं ह्याचा. नवरात्रात शंभरपानी वही केली आणि २१२ सीडी एकेक करून ॲपमध्ये शोधल्या. सुमारे दीडशे जशाच्या तशा सापडल्या. चाळीसेक मिळाल्या त्या विस्कटून: विलंबित (संथ) एका संग्रहात, द्रुत (जलद) दुसऱ्यात. काहींना खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्यालाही साबण लावलेला. उरलेल्या मिळाल्याच नाहीत, किंवा नाव राखाडी अक्षरांत दिसायचं आणि दाबलं की काही नाही. एका भीमपलासाची पाच रोमन स्पेलिंगं, त्यामुळे शोधणाऱ्याने पाचही माहीत करून घ्यायची. तबल्याला कोण, पेटीवर कोण, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. बाबांच्या सीडीतल्या कागदावर ते असायचं आणि ते मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते गाणं लावायचे नाहीत. मराठीच्या बाईला हा अपराध वाटतो. तबला कोणाचा ते न सांगणं म्हणजे कवितेखालचं कवीचं नाव खोडणं.

एकदा तर ॲपने आपल्या मर्जीने क्रम बदलून आधी द्रुत वाजवली आणि मग विलंबित. आधी ताक, मग भात, मग वरण. दोष माझाच, कुठलंसं बटण दाबलं गेलं होतं.

दुकानाच्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायच्या, हे तेव्हाच ठरलं. जुन्या संगणकाला सीडी ड्राइव्ह होता. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे; तो प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीच्या काढलेल्या नकलांशी आपली नक्कल ताडून पाहतो. जुळली की नक्कल बिनचूक. साठवायची फ्लॅकमध्ये, त्यात काही गळत नाही आणि जागा निम्म्याच्या आसपास लागते. २१२ सीडी सत्तर-पंचाहत्तर जीबीत बसल्या. रोज जेवण झाल्यावर पाचसहा, असा तो नेम झाला. सगळं स्ट्रीमर वाचतो. नेट लागत नाही, तार तुटली तरी चालतं. दुसरी प्रत मुलाकडे पुण्याला, कारण इथे ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळच्या विजेत राउटर जळाला. मी त्याचा प्लग काढायला उठलेच होते.

मग बाबांच्या त्या ६४ काढल्या.

बाबा टेपरेकॉर्डर घेऊन देवळात बसायचे. डबलबारी भजनाच्या रात्री, एकीकडे एक बुवा, समोर दुसरे, आणि पहाटेपर्यंत सवालजवाब. सप्ताहातली भजनं. गावच्या हौशी नाटकांतली पदं. आमच्या ओटीवर पेटी घेऊन बसलेले शेजारी, मागे आईचा 'चहा झालाय हो' असा आवाज. ह्या सगळ्या कॅसेट २००३ साली त्यांनी तालुक्याच्या एका दुकानातून सीडीवर भरून घेतल्या. सीडी कधी खराब होत नाही, असं तेव्हा सगळेच सांगत. म्हणून कॅसेट ठेवायच्या कशाला? काही नातेवाइकांना दिल्या, काहींवर दुसरं टेप केलं.

पण विकतची सीडी आणि अशी भरून घेतलेली सीडी ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीत खाचा साच्यात दाबून उठवलेल्या असतात. दुसरीत रंगाचा एक थर असतो आणि लेझर त्यावर भाजून खुणा करतो. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू उतरतो. त्यात बाबा पडले टापटिपीचे: प्रत्येकीवर गोंदाचं गोल लेबल, सुंदर अक्षरात तारीख आणि बुवांचं नाव. वीस पावसाळ्यांनी लेबलं कडेने उचलली गेली होती. एक मी सरळ करायला गेले तर लेबलाबरोबर चंदेरी पापुद्राच सोलून आला आणि माझ्या हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक उरलं. १९८९ ची डबलबारी. मी बराच वेळ तशीच बसून होते.

त्या दिवसापासून एकाही लेबलाला हात लावला नाही. ज्या वाचल्या जातील त्या आधी, असा क्रम लावला. दुकानाच्या सीडीला ताडून पाहायला जगभरातल्या नकला होत्या. इथे जगात प्रतच एक. म्हणून प्रत्येक सीडी दोनदा उतरवायची आणि दोन्ही नकला एकमेकींशी जुळतात का पाहायचं. एकेकीला सहासहा तास लागत. संगणकाला न जमलेल्या दोन तबकड्या बाबांच्या प्लेअरने वाचल्या, नव्या डोळ्याने; त्या मागच्या ऑप्टिकल तारेतून उतरवून घेतल्या. ४४ पूर्ण मिळाल्या. नऊ अर्ध्यामुर्ध्या, मधेच टकटकणाऱ्या. अकरा काही बोलत नाहीत.

तेव्हा हिशोब असा झाला: नवा सीडी प्लेअर घेतला नाही. जुना ठेवला, तो आता सणावारी वाजतो. वर्गणी चालू आहे, नवं काही ऐकायचं तर तिथेच जाते. रोजचं ऐकणं हार्ड डिस्कवरून. ज्या भांडणासाठी मी जूनमध्ये बाहेर पडले, त्यातली कोणती बाजू जिंकली हे ह्यांनी विचारलं तर मला सांगता आलं नाही.

त्या अकरांचं मात्र डोक्यातून जाईना. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, दशावताराला माणसं भेटू लागली, तशी मी भेटेल त्याला विचारत सुटले, बाबांनी तुमच्याकडे एखादी कॅसेट दिली होती का? बहुतेकांच्या कॅसेट मुलांनी फेकल्या होत्या. मागच्या आठवड्यात आचऱ्याहून निरोप आला. म्हातारबुवा, बाबांचे भजनातले सोबती. त्यांच्या सुनेने माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून सुकवलेल्या आमसुलांच्या पिशव्यांखालून चार कॅसेट काढून दिल्या. एकीवर बाबांचं अक्षर, १९८९. आमसुलांचा वास अजून जात नाही, पण फीत कोरडी आहे, बुरशी नाही.

त्या घेऊन काल कुडाळला गेले. कॅसेट डेक आहे का रे कुठे, चालता? माझ्या विद्यार्थ्याने चष्मा कपाळावर चढवला, कॅसेट उजेडात धरून फीत पाहिली, आणि आतल्या खोलीत जाऊन धुळीने माखलेला एक डेक उचलून आणला. पट्टा तुटलेला. "चार दिवस द्या, पट्टो मागवतंय," म्हणाला. मी पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला, "बाईनू, पुढच्या खेपेक ग्रामोफोन तेवढो हाडू नकात."